डबीतलं कार्ड

जुळे सोलापूर
९ नोव्हेंबर २०२५

आक्का,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. दाजींच्या फोनवर केला की ते "बाहेर गेलीय" म्हणतात आणि त्यांच्या मागे तुझ्या बांगड्या वाजत असतात. पत्र पोस्टमन हातात देतो. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम आधी सांगते. आबांचं वर्षश्राद्ध १२ जानेवारीला, सोमवारी, मंद्रूपला आहे. तारीख ठरल्यापासून आव्वा एकच विचारते, "विजू येती का?" मी "येईल की" म्हणते. परवा म्हणाली, "तुज्या येईल कीला काय आर्त हाय? तिनं सांगितलं का?" मी चहा ठेवायला उठले.

आबा गेले त्या दिवशी तू आलीस आणि मेंढरांच्या वाड्याच्या कुडाला टेकून बसलीस. घरात आली नाहीस, पाणी घेतलं नाहीस आणि दुपारच्या गाडीनं वेळापूरला परत गेलीस. बायका म्हणाल्या, बापाचं तोंड बघून पण पोरीला पाझर फुटंना. तुला काय लागलं आहे ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुझ्या दिराच्या लग्नात काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. तुझ्या सासूबाईंनी सुनांचे सगळे दागिने पॉलिशला अकलूजला दिले, तिथल्या सराफानं तुझ्या नाकातल्या चमकीचा खडा मशीनवर धरला आणि सांगितलं, हा हिरा लॅबमधला आहे. मग भरल्या मांडवात गिरिजाबाईंनी हळदीकुंकवाच्या ताटात ती चमकी ठेवून आबांच्या पुढं धरली. "पाव्हणं, तुमची काच तुमाला ऱ्हाऊ द्या. आमच्या सुनंच्या नाकात शोभत न्हाय." आबांनी फेटा नीट केला, ताटातली चमकी उचलली आणि म्हणाले, "चूक माजी हाय, इहीणबाई." बाकावरचे दोघंतिघं हसले. तू खांबाला धरून उभी होतीस. तेव्हापासून, आबा गेले तो दिवस सोडला तर, तू माहेराला आलेली नाहीस.

आबांनी तुला फसवलं नाही, एवढंच मला सांगायचं आहे. तुझी मेंढरं विकून उरलेले पैसे त्यांनी दुसरीकडे घातले, असं कुणी तुझ्या डोक्यात भरवलं असेल तर ते खोटं आहे. सोलापुरात दुकानात गेलो, दुकानदारानं जे दाखवलं ते घेतलं. साध्या माणसाला त्यातलं काय कळणार? आणि लपवलं तर काहीच नव्हतं. खडा कसला ते लिहिलेलं कार्ड डबीतच होतं.

शिवाय ती काच नाही, आक्का. मी रसायनशास्त्र शिकले आहे, आता एका सराफी दुकानात दिवसभर खडेच तपासते, म्हणून खात्रीनं लिहिते. जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षांत जे होतं तेच मशीनमध्ये काही आठवड्यांत करतात. तोच कार्बन, तेवढाच कडक, तेवढाच चमकणारा. त्याच्यासाठी कुणाला खाणीत उतरावं लागत नाही. तू लहानपणी आई मेलेल्या कोकराच्या अंगाला दुसऱ्या मेंढीचं दूध चोळायचीस आणि ती मेंढी त्याला पाजायची. ते कोकरू काय खोटं असतं?

आव्वाचे गुडघे सुजले आहेत. ये.

तुझी,
नंदी

२३ नोव्हेंबर २०२५

आक्का,

उत्तर आलं नाही. मी वाटही बघितली नाही असं लिहिणार होते, पण रोज संध्याकाळी खाली जाऊन पेटी बघते.

बुधवारी आमच्या दुकानात अक्कलकोटकडचं एक कुटुंब आलं. मुलाचं लग्न ठरलंय, अंगठी घ्यायची. माझ्या शेजारच्या टेबलावर निवेदिता आहे, विकायचं काम तिचं. ती मला नेहमी सांगते, "तू लॅब लॅब करू नकोस गं. लॅब म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते." तिनं दोन अंगठ्या पुढं ठेवल्या. मुलाच्या आईनं दोन्ही बोटात घालून बघितल्या, उन्हात नेऊन बघितल्या आणि मला विचारलं, "तू शिकल्याली दिसतीस. दोन्हीत फरक काय?"

मी म्हटलं, "डोळ्यांना काही नाही, मावशी."

"मग तुमी ती मशीन कशाला ठिवली?"

निवेदिता हसली. मुलगाही हसला. मला हसायला आलं नाही. मी मशीनचं झाकण पुसत बसले. त्या बाई काही टाकून बोलल्या नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शेवटी त्यांनी लॅबमधलाच घेतला, मोठा. जाताना होणाऱ्या सुनेला म्हणाल्या, "सगळ्यांना सांगायचं, लपवायचं न्हाय. आपल्याला परवाडला तो घेतला."

त्या दिवसापासून मागच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचतंय. दुकानदारानं जे दाखवलं ते घेतलं, असं मी लिहिलं. दुकानदारानं दोन्ही दाखवले होते आणि दोन्हीतला फरक नीट सांगितला होता. मला सांगितला होता. आबा आत आलेच नाहीत. काचेचं दार आणि आतली गार हवा बघून ते पायरीवरच बसले. "माज्या वाहणांना शेण हाय. तू जा. तुला कळतंय," म्हणाले आणि धोतराच्या सोग्यातनं पैसे काढून माझ्या हातात दिले.

खडा मी निवडला, आक्का. मी एकटीनं.

त्या पैशांत जमिनीतला येत होता तो मोहरीएवढा. लॅबमधला ज्वारीच्या दाण्याएवढा. तुझ्या दोन्ही जावांच्या नाकात काय आहे ते मी साखरपुड्यात बघून आले होते. आणि तो मोहरीएवढा का, तेही मला ठाऊक होतं. तू जन्मलीस तेव्हा आबांनी तुझ्या नावानं एक कोकरू सोडलं, बांडी नावाचं. तिची पिलावळ वाढत अठरापर्यंत गेली. ती सगळी तुझी होती, आपल्यात तशीच रीत आहे. माझी मेंढी पहिल्याच वेतात मेली. माझ्या बीएस्सीला तुझी अकरा गेली. सातवीनंतर शाळा सोडून तूच ती राखलीस आणि बाजाराच्या दिवशी तूच त्यांना हाकत नेलंस. परत आल्यावर मला म्हणालीस, "बग, तुज्या पुस्तकांना शिंगं हायती." आपण दोघी हसलो होतो. तुझ्या चमकीसाठी सात उरली.

म्हणून मी मोठा घेतला. पण हे कारण सांगून मला सुटायचं नाही. मला तेव्हा खरंच वाटत होतं की दोन्ही सारखेच. वर्गात मी त्यावर भाषण केलं होतं, खाणीतल्या मजुरांबद्दल, पोखरलेल्या जमिनीबद्दल. टाळ्या मिळाल्या होत्या. मग दोन्ही सारखेच होते तर तुला सांगितलं का नाही? "आक्का, हा मशीनमध्ये केलेला आहे, मोठा मिळतो म्हणून घेतला, तुला चालेल का?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? तू कदाचित "चालंल" म्हणाली असतीस. मग गिरिजाबाईंच्या ताटातून काही आलंच नसतं.

आणि ते कार्ड. ते डबीत होतं हे खरं. ते इंग्रजीत होतं. आपल्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी आणि तुझ्या सासरी तेव्हा कुणीच नाही. ते डबीत ठेवताना मला हे ठाऊक होतं. म्हणूनच ठेवलं. उद्या कुणी विचारलंच तर "मी लपवलं नव्हतं" म्हणता यावं म्हणून.

त्या दिवशी मांडवात मी आबांच्या मागे दोन हातांवर होते. हातात पाण्याचा जग होता. "चूक माजी हाय" ते म्हणाले तेव्हा मी "नाही, माझी" म्हणायला हवं होतं. मी एका म्हाताऱ्याचा पेला भरला. तो आधीच भरलेला होता, पाणी त्याच्या मांडीवर सांडलं.

घरी येताना एसटीत आबा खिडकीपाशी बसले. मंद्रूपला उतरल्यावर एवढंच म्हणाले, "जेवलीस का न्हाय?" त्यानंतर आठ महिने ते होते आणि मी रोज ठरवायचे की आज बोलू. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आक्का. ज्या चुकीची त्यांना माहितीच नव्हती ती त्यांनी अंगावर घेतली. तू रागवायचं तर माझ्यावर रागव. त्यांच्यावरचा राग सोड.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी वेळापूरला येणार आहे. तुला भेटायला नाही, तू भेटशील असं मी धरलेलं नाही. गिरिजाबाईंना सांगायला येते आहे.

नंदी

१५ डिसेंबर २०२५

आक्का,

काल रात्री वेळापूरहून खोलीवर पोहोचले आणि जेवून लगेच झोपले. दीड वर्षात अशी झोप लागली नव्हती.

तुझ्या सासूबाई चिडतील असं मी धरून चालले होते. त्या शेंगा फोडत होत्या, फोडतच राहिल्या. ओसरीवर शेजारणी होत्या म्हणून बरं, चारचौघांतली गोष्ट चारचौघांतच सांगता आली. माझं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजी तुज्या बाला ठाऊकच नव्हतं?" मी "नव्हतं" म्हटलं. त्यांनी सुपातल्या शेंगा उगाच इकडच्या तिकडं केल्या. "मला कुटं ठाऊक? मानसानं तोंड उगडून सांगावं की. आता कुणापुडं ताट धरू मी?" मग तुला हाक मारली, "विजे, भनीला च्या दे. साखर बगून टाक, शिकल्याली मानसं कमी खात्यात."

तू माझी पत्रं वाचली होतीस हे मला चुलीपाशी कळलं. तू म्हणालीस, "कोकराचं लिवलंस ते वाचलं. मेंढी त्याला हुंगून घेती, नंदे. मग पाजती. मला कुटं हुंगाय दिलंस तू?"

मी रात्रंदिवस विचार करून जी दोन पत्रं लिहिली त्यांना हे तुझं एकच उत्तर. 

चमकी आबांच्या चंचीत होती, सुपारीच्या खांडांत. त्यांच्या मागे आव्वानं ती तशीच ठेवली होती. मी तुझ्या हातावर ठेवली तर तू नाकाला लावून बघितलीस. भोक बुजलं होतं. तू मूठ मिटलीस. मग विचारलंस, "आबांना खरंच ठाऊक नव्हतं ना गं? मला तेवडंच पायजे. खडा कसला का आसंना." मी म्हटलं, "नव्हतं. आव्वाची शपथ." तेव्हा तू रडलीस. आबा गेले तेव्हा जे आलं नव्हतं ते काल आलं आणि माझ्या खांद्यावर आलं.

रविवारी ११ जानेवारीला तू येणार. दाजी पण "सोडतो" म्हणाले. मी आव्वाला फोन केला तर तिनं विचारलं, "विजूला अजून दशम्या आवडत्यात का?" आतापासून.

मी सोलापूरच्या स्टँडवर थांबते. दोघी मिळून मंद्रूपला जाऊ.

तुझी,
नंदी

४ जानेवारी २०२६

आक्का,

हे पत्र मी शुक्रवारपासून चार वेळा लिहून फाडलं.

शुक्रवारी मंद्रूपला गेले होते, श्राद्धाचं सांगायला. आपल्या शाळेतल्या कमलाकर गुरुजींकडे शेवटी गेले. आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. खुर्चीत बसून पेपर वाचतात, भिंग लावून. मी निमंत्रण दिलं आणि सहज म्हटलं, विजू येणार आहे, तिच्या मनातलं निघालं. त्यांना मांडवातलं सगळं ठाऊक होतं, गावाला ठाऊकच आहे. मी त्यांना माझी चूक सांगितली. म्हटलं, आबांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "राजनंदिनी, बिरप्पाला माहीत होतं."

तुझ्या लग्नाच्या आधी आठ दिवस आबा डबी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. कार्ड काढून म्हणाले, "ही पावती हाय का गुरुजी? का जपून ठिवायचं कागद?" गुरुजींनी वाचलं आणि समजावून सांगितलं. आबांनी विचारलं, "मग खोटा हाय व्हय?" गुरुजी म्हणाले, "खोटा नाही. हिराच आहे, पण कारखान्यातला. बाजारात त्याला मान कमी. पुढं मोडायला गेलं तर फारसं काही यायचं नाही." आबा म्हणाले, "नंदीला ठाऊक आसंल?" गुरुजी म्हणाले, "ती वाचणारच की."

आबांनी कार्ड परत डबीत ठेवलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कुणाला बोलू नगा. घरात एक पोर शिकली, तिचं पयलंच काम हाय. तिला खाली बगाय लावायचं न्हाय."

गुरुजींनी विचारलं, "आणि विजयमालेचं काय?"

इथून पुढचं वाक्य मी चारही वेळा लिहिलं आणि चारही वेळा कागद फाडला. आबा म्हणाले, "विजू सोसंल. तिला सवय हाय."

लिहिलं.

तीन दिवस मी स्वतःला समजावते आहे. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, मला तेवढंच ठाऊक होतं. तू रडून मोकळी झाली आहेस. आव्वा दशम्यांचं पीठ चाळते आहे. आबा गेले, गुरुजी कुणाला सांगणार नाहीत. "माझ्याबरोबर जाऊ दे आता," असं ते स्वतःच म्हणाले. निवेदिताला मी नाव न घेता विचारलं तर ती म्हणाली, "अगं, जे कळून कुणाचं भलं होत नाही ते कशाला सांगायचं?" मला पटलं. मी तुला फक्त गाडीची वेळ कळवणारं पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून झाल्या आणि मला ती डबी आठवली. तुला जे वाचता येणार नाही ते तुझ्याच हातात देऊन मी एकदा सुटले होते. या वेळी तर मी कार्डसुद्धा काढून ठेवत होते. आणि कारण तेच, आक्का. जे आबांचं होतं तेच. विजूला कळणार नाही, आणि कळलं तरी विजू सोसेल.

तू सोसतेस हे धरूनच आम्ही सगळे चाललो. मी शिकले ती त्याच्यावर. आबांनी माझी मान वर ठेवली ती तुझ्या मानेवर पाय देऊन. त्यांचं तुझ्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. ती चमकी त्यांनी शेवटपर्यंत चंचीत ठेवली. दर वेळी सुपारी काढताना ती त्यांच्या बोटाला लागत असणार. पण हे मी तुला समजूत म्हणून सांगत नाही. तुला हुंगू द्यायचं म्हणून सांगते. घ्यायचं की लाथ मारायची ते तू ठरव. मागच्या वेळी ते मी ठरवलं होतं.

तू विचारलेलं तेवढंच होतं, "आबांना ठाऊक नव्हतं ना?" ठाऊक होतं. शपथ मी मोडली नाही, पण ती परत घेते.

आव्वाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला दशम्या करू दे.

पत्र उद्या सकाळी टपालात टाकते, म्हणजे गुरुवार-शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. निघायच्या आधी मिळावं अशी माझी इच्छा आहे. मिळायच्या आधी तू निघावंस, असंही मला दिवसातनं दहा वेळा वाटतं. म्हणून मी ते साध्या टपालानं न पाठवता स्पीड पोस्टनं, रजिस्टर करून पाठवणार आहे. तुझ्या सहीशिवाय ते कुणाला मिळणार नाही.

रविवारी मी ठरल्याप्रमाणे स्टँडवर असेन. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी असेल, म्हणून चौकशीच्या खिडकीपाशी थांबते. अकलूजकडून येणारी पहिली गाडी बघेन, दुसरी बघेन, संध्याकाळची शेवटची पण बघेन. तू उतरलीस तर तुझी पिशवी घेईन आणि तू बोलेपर्यंत काही बोलणार नाही.

उतरली नाहीस तर एकटी मंद्रूपला जाईन. आव्वा दारातच असेल, माझ्या मागे बघत. तिला मी सांगेन की विजूला पत्र पोहोचलं.

नंदी